दवाखान्यात ठेवलं, तरी बाळाचं वजन उतरलं कसं?

तीव्र कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे 'एनआरसी'त दाखल केलं की घरच्यांचं सगळं लक्ष वजनकाट्यावर असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा खाली आलेला दिसला की आजी म्हणते, "इथं तर पोरगं आणखीनच वाळलं, चला घरी." काही बाळं अशी अर्ध्या उपचारातूनच घरी जातात. पण उतरलेलं वजन दरवेळी वाईट खूण नसते.

कोणाला दाखल करतात?

६ महिने ते ५ वर्षांच्या बाळाच्या दंडाला अंगणवाडी सेविका किंवा आशाताई पट्टी लावतात. घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलं किंवा दोन्ही पायांवर सूज असली, तर बाळ तीव्र कुपोषित, म्हणजे 'सॅम' धरलं जातं. भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात भागतं. भूक मेलेली असेल, अंगावर सूज, न्यूमोनिया किंवा जोराचे जुलाब असतील, तर दाखल करावंच लागतं.

सुजेचा घोटाळा

सुजलेलं बाळ घरच्यांना गुटगुटीत वाटतं. पण पायावर अंगठा दाबून काढला की खड्डा राहतो. ते मांस नव्हे, पाणी! उपचार लागू पडले की हे पाणी लघवीवाटे निघून जातं आणि वजन उतरतं. म्हणून सिस्टर काट्यासोबत आणखीही बघतात: सूज ओसरली का, बाळ दूध मागतं का, हसतं-खेळतं का.

पोटभर का देत नाहीत?

उपाशी शरीराची सगळी यंत्रणा मंदावलेली असते. एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार बिघडतात, हृदयावर ताण येतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीला 'एफ-७५' हा हलका आहार देतात. तो दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्याची पूड यांपासूनही बनवता येतो. १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात. सूज नसलेल्या ६ किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७८० मिलिलिटर, म्हणजे दर दोन तासांनी ६५ मिलिलिटर. रात्रीही उठवून पाजायचं, कारण साखर उतरली आणि अंग गार पडलं तर धोका असतो.

"सलाईन लावा की!" असा आग्रह अनेकजण धरतात. पण अशा बाळाला सलाईन शॉकसारख्या अवस्थेतच देतात, एरवी ते हृदयाला झेपत नाही. रक्तवाढीचं लोहाचं औषधही वजन वाढायला लागल्यावरच सुरू होतं. भूक परतली, सूज कमी झाली की 'एफ-१००' आणि घरच्यासारखं जेवण. खरं वजन तेव्हापासून वाढतं.

१४ दिवस कशासाठी?

मुक्काम साधारण १४ दिवसांचा. घरी दुसरी लेकरं, शेतातली कामं, बुडणारा रोज, आईची ही अडचण खरी आहे. आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे, दाखल होतानाच विचारून घ्यावं. घरी परतल्यावर दर १५ दिवसांनी तपासणीला बोलावतात, ती चुकवू नये.

काटा खाली गेला तर गाठोडं बांधण्याआधी सिस्टरला एकच विचारा: "सूज उतरली का?"