चुनखडीचा गोटा वाचताना

दर्यापूर-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात नवं शेततळं खोदलं, की त्याची उभी कापलेली भिंत मी हमखास बघायला जातो. वर भेगाळलेली काळी माती आणि खाली उतरावं तसे पांढुरके चुनखडीचे गोटे वाढत जातात. एक गोटा उपटून आधी कड बघायची. कड मातीत मिसळत गेलेली असेल, तर तो तिथंच जन्मला. कड रेखीव आणि वर काळपट लेप असेल, तर तो जुना, दुसऱ्याच हवामानातला. तो बाजूला ठेवायचा. मग उरलेला फोडून ताज्या भागावर सौम्य आम्लाचा थेंब टाकायचा. फसफस झाली, की चुना.

वऱ्हाडात पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. पुढं ऊन. मुळं पाणी शोषतात, ओल उडून जाते आणि पाण्यात विरघळलेला चुना मातीतच साकळतो. पाऊस भरपूर आणि वर्षभर पडता, तर हा चुना धुऊन गेला असता. म्हणजे गोटा सांगतो, की इथं ओल होती आणि ती दरवर्षी सुकत होती.

असेच गोटे सिरोंच्यापलीकडे तेलंगणात, मलेरीच्या लाल चिकणमातीच्या थरांत सापडतात. काही गोटे नद्यांनी उकरून पुन्हा वाळूत रचलेले आहेत. थरांचं वय सुमारे 23 कोटी वर्षं. तिथं ऱ्हिंकोसॉर आणि सुसरीसारखे फायटोसॉर भरपूर मिळतात; डायनासोर मात्र दुर्मीळ. 1987 साली वर्णन झालेला आल्वालकेरिया हा त्यांतला एक, अंगानं लहानसा. तो बलवान होता म्हणून त्याचं कुळ पुढं मोठं झालं, असं मला वाटत नाही; हवामानाचाही त्यात वाटा होता. न्यू मेक्सिकोतल्या त्याच युगाच्या थरांवरून 2015 साली दिसलं, की उष्ण कटिबंधात दुष्काळ, वणवे आणि हवामानाचे झोके यांमुळे मोठे शाकाहारी डायनासोर फार काळ पाय रोवू शकले नाहीत. पुढं 20 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी संकटात त्यांचे सुसरकुळातले बरेच प्रतिस्पर्धी संपले. सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचं नाव मिळालेल्या थरांत मग लांबलचक मानेचा, मोठ्या पायांचा बारापासॉरस दिसतो. त्याला नाव 1975 साली मिळालं.

गोट्यातल्या कार्बनचा काही भाग मातीतल्या मुळांच्या आणि जीवाणूंच्या श्वासातून येतो, काही हवेतून. दोन्हींच्या कार्बनचं समस्थानिक प्रमाण वेगळं असतं. त्यांचं मिश्रण मोजलं, की त्या वेळच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता याचा अंदाज निघतो. सातपुड्यातल्या लमेटासकट अनेक थरांच्या गोट्यांवर असं काम झालं आणि ते 2001 साली प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेत काटेकोरपणा असतोच, पण चुकीचा गोटा पिशवीत गेला तर तो काटेकोरपणा वाया जातो. निवड शेतातच करावी लागते.

त्याच लमेटा थरांत, अमरावती-बैतुलच्या सीमेवर, सालबर्डीला लांब मानेच्या सॉरोपॉड डायनासोरची हाडं आणि अंड्यांची घरटी मिळाली आहेत. हा त्या कुळाचा शेवटचा काळ, आणि इथंही चुना आहेच. अंड्यासारखा गोल दगड दिसला की उचलून घरी नेण्याचा मोह होतो. कृपा करून नेऊ नका. अंड्याचं कवच कपाटातही टिकेल, पण ते कुठल्या थरात, किती खोल आणि कसल्या मातीत पडलं होतं, हे जागेवरच वाचता येतं.