लाड बाजारची बांगडी आणि जीआयचा कागद

चारमिनारपासून (1591) पश्चिमेकडे जाणारा अरुंद रस्ता म्हणजे हैदराबादचा लाड बाजार. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आपल्याकडील कित्येक घरांना हा बाजार परका नाही. दुकानात लखलखणारी बांगडी सगळे पाहतात. ती घडताना पाहणारे गिऱ्हाईक थोडे.

शेगडीवर लाख तापवून मऊ करतात, तिचे कडे वळवतात आणि ती गरम असतानाच एकेक खडा, आरसा हाताने बसवतात. लाख निवली की खडा धरत नाही, म्हणून कारागिराला विस्तवाजवळून हलता येत नाही. बोटे भाजतात. बरेचसे काम घरच्या खोलीत चालते, बायाही करतात. आणि आपण दुकानात पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो! आम्हीही त्यातलेच.

2024 मध्ये या बांगडीला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. आता मालाला आपोआप भाव येईल, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. मूळ नोंदणी संघटनेच्या नावावर असते. ते नाव मालावर लावायचे तर प्रत्येकाने चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंद करावी लागते. 1999 च्या कायद्यात हस्तकलेच्या ‘उत्पादका’त माल बनवणारा येतो, तसा त्याचा व्यापार करणाराही येतो. दुकानदाराने नोंद केली आणि कारागीर मागे राहिला, तर नाव एकाचे आणि भाजलेली बोटे दुसऱ्याची.

याच शहरातल्या हलीमला 2010 मध्ये जीआय मिळाले. रमजानमध्ये चारमिनार परिसरात त्यासाठी रांगा लागतात. हलीमवाल्यांनी कृतीच लिहून दिली: मटण दहा भाग तर गहू चार, तूप शुद्ध, भांडे तांब्याचे, शिजवणे बारा तास. त्यामुळे गिऱ्हाइकाला जाब विचारता येतो. बांगडी घेतानाही विचारावे: लाख आहे की प्लॅस्टिक? खडे हाताने बसवलेत का?

पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल यांनाही हाच कायदा लागू आहे. या धंद्यांतील बंधूंनी आपल्या संघटनेकडे चौकशी करावी. आपला अर्ज भरताना ज्याच्याकडून माल घेतो त्या कारागिराचाही भरून घ्यावा. नोंद दहा वर्षांची असते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायला विसरू नये.