मतदारसंघाची रेषा : नॉर्थ कॅरोलायनातील एक उदाहरण

लोकशाहीत मतदार आपला प्रतिनिधी निवडतो, हे सर्वमान्य तत्त्व होय. परंतु मतदार मतपेटीपाशी येण्यापूर्वीच नकाशावर रेषा ओढून कोणी तरी मतदारांचीही निवड केलेली असते. या रेषेचे सामर्थ्य जाणून घेण्यास अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या बाराव्या काँग्रेस-मतदारसंघाचा इतिहास उद्बोधक ठरतो.

अमेरिकेत दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहाच्या जागांची राज्यांत लोकसंख्येनुसार फेरवाटणी होते. मतदारसंघांच्या सीमा मात्र बहुतेक राज्यांत तेथील विधिमंडळच आखते. म्हणजे ज्या पक्षाचे बहुमत, त्याच्याच हाती लेखणी. शिवाय भारताप्रमाणे वंचित समाजांसाठी राखीव जागा ठेवण्याची तरतूद त्या देशाच्या संविधानात नाही. त्यामुळे अल्पसंख्याकांस प्रतिनिधित्व मिळणे वा न मिळणे हे पुष्कळदा सीमारेषेवरच अवलंबून राहते.

जॉर्ज हेन्री व्हाइट या कृष्णवर्णीय सदस्यांची मुदत १९०१ साली संपली. त्यानंतर नऊ दशके या राज्यातून एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी प्रतिनिधिगृहात गेला नाही. १९९० च्या जनगणनेनंतर विधिमंडळाने केलेल्या आखणीत कृष्णवर्णीय बहुसंख्येचा एकच मतदारसंघ होता. १९६५ च्या मताधिकार कायद्यान्वये केंद्रीय न्याय विभागाने त्यास हरकत घेतली, तेव्हा बारावा मतदारसंघ तसाच दुसरा म्हणून आखण्यात आला. त्याची लांबी सुमारे १६० मैल होती, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची रुंदी ८५ क्रमांकाच्या महामार्गाहून अधिक नव्हती. १९९२ साली येथून मेल वॉट आणि पहिल्या मतदारसंघातून ईव्हा क्लेटन निवडून आल्या-आले, व दीर्घकाळाचा खंड संपला.

या विचित्र आकारास आव्हान मिळाले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, केवळ वंशाच्या आधारेच उलगडा होईल अशी आखणी कठोर तपासणीस पात्र ठरते. १९९६ साली ती आखणी रद्द झाली. २००१ साली मात्र सुधारित आखणी टिकली. तिच्यामागे वंशापेक्षा पक्षनिष्ठेचा विचार असू शकतो, असे न्यायालयास वाटले. या प्रदेशातील बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाचे समर्थक असल्याने हे दोन हेतू वेगळे करणे अत्यंत कठीण असते.

२०११ साली रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने येथील प्रौढ कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांच्या आसपास नेले. वस्तुतः वॉट पूर्वीपासूनच सहज विजयी होत होते. एका ठिकाणी मते अशी साठविली, की शेजारच्या मतदारसंघांत त्यांचा प्रभाव उणावतो; पूर्वी प्रतिनिधित्व देणारी रेषाच आता ते आकुंचित करू लागली. न्यायालयीन आदेशानंतर २०१६ साली हा मतदारसंघ शार्लट शहराच्या मेक्लेनबर्ग काउंटीपुरता करण्यात आला. ग्रीन्सबरो त्यातून वगळले गेल्यावर तेथील रहिवासी असलेल्या विद्यमान प्रतिनिधी अल्मा ॲडम्स शार्लटला राहावयास गेल्या. २०११ ची आखणी घटनाबाह्य असल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली शिक्कामोर्तब केले.

तथापि २०१९ साली त्याच न्यायालयाने निव्वळ पक्षहितासाठी केलेल्या आखणीचे तंटे संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचे ठरविले. परिणामी रेषेमागील हेतू वंशाचा ठरल्यास तिला संघीय न्यायालयात आव्हान देता येते. तो पक्षाचा ठरल्यास ते दार बंद होते. रेषेने विभागल्या गेलेल्या मतदाराच्या वाट्याला मात्र दोन्ही प्रसंगी तोच अनुभव येतो.