ढवळीची अंघोळ

सकाळी साडेसहा. खुराडं उघडलं की कोंबड्या धक्काबुक्की करत बाहेर पडतात. कुणाचं काय बिघडलंय ते मागून बघायचं, आणि त्याला हीच वेळ. ढवळी शेवटी आली. शेपटीखालची पिसं शिटेनं चिकटून गोळा झालेला, वर माश्या. श्रावणातली उघडीप होती हे नशीब. झडीत भिजवलेली कोंबडी वाळायची कशी?

सात. पाणी तापवण्याआधी दांडीखालची शीट पाहिली. चांगली शीट घट्ट असते, वर पांढरी टोपी. मधूनच तपकिरी, चिकट, नाक धरायला लावणारी पडते, तीही नेहमीचीच. रक्त दिसलं तर रक्ती हगवण. हिरवी पातळ आणि सोबत मान वाकडी असेल तर मानमोडीची शंका, मग अंघोळ राहू दे, तडक पशुवैद्यकीय दवाखाना. ढवळीच्या जागेवर नुसतं पाणी-पाणी होतं. ताजी शीट डबीत भरून दवाखान्यात पाठवली.

साडेनऊ. अंगणात ऊन, घमेल्यात कोमट पाणी. कोंबडीचं अंग 41 अंशांच्या आसपास, त्यामुळे आपल्या हाताला ऊन लागेल ते तिला सोसतं. पंख दाबून तिला काखेत धरली आणि बूड पाण्यात सोडलं. आधी पाय झाडले, मग चक्क डोळे मिटले. गोळा ओढायचा नाही, पिसांबरोबर कातडी सोलून येते. भिजू द्यायचा, बोटांत चुरायचा, पाणी बदलायचं. तरी सुटेना तेवढा बोथट टोकाच्या कात्रीनं कापला. नव्यानं फुटणाऱ्या पिसाची नळी गडद दिसते, तिच्यात रक्त असतं. तिथे कात्री लावायची नाही.

कातडी लाल होती, पण अळ्या नव्हत्या. या हवेत माशीची अंडी दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत कातडी पोखरतात, म्हणून हे काम उद्यावर टाकता येत नाही. पिसांच्या बुडाशी मात्र खडीसाखरेचा चुरा चिकटवावा तसे पांढरे पुंजके. लिखा. ती पिसं कापून चुलीत टाकली.

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, तिला अंघोळ कसली घालतेस? श्रावण सरला की एक रविवार तिचा."

"काकू, अंडी देते ती."

"देणारीचं बूड स्वच्छ असतं गं!"

काकूंचं तसं चुकत नाही, अंगावर दुखणं असलं की अंडी थांबतात. पोट चाचपलं, मऊ लागलं. अंडं अडकलेलं नव्हतं.

साडेदहा. जुन्या फडक्यानं टिपून, हळद कालवलेलं खोबरेल पातळ लावलं. ढवळी उन्हात, डालग्याखाली एकटी. बाकीच्यांना लाल कातडी दिसली की टोचून टोचून आतडं बाहेर काढतात.

दुपारी उवांची पावडर सगळ्यांच्या पिसांत चोळली. लिखा तिनं मरत नाहीत, आठ-दहा दिवसांनी पुन्हा चोळावी लागेल.

चार. दवाखान्यातून निरोप: शिटेत गोल जंतांची अंडी. औषध एकट्या ढवळीला देऊन भागत नाही, सगळ्या एकाच उकिरड्यावर चरतात; म्हणून उद्या ते सगळ्यांच्याच पाण्यातून द्यायचं. अंडी किती दिवस खायची नाहीत तेही फोनवर विचारून घेतलं.

अंधार पडताना वाळलेली ढवळी दांडीवर ठेवली. त्या वेळी भांडणं होत नाहीत. उद्या उजाडायच्या आत परसात पाणी साचलेली भांडी, करवंट्या सगळं पालथं घालायचं, नाहीतर औषधाच्या पाण्याला कुणी तोंड लावायचं नाही.