सातबाऱ्यातून खापरपणजोबांपर्यंत

मित्रांनो, एक साधा प्रश्न. तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव काय? आमच्या विंगमध्ये हा प्रश्न टाकला तेव्हा बाराजणांपैकी दोघांनाच उत्तर आलं. त्या दोघांच्याही फाइलमध्ये कास्ट व्हॅलिडिटीसाठी काढलेली वंशावळ होती! खरंच आहे, ॲडमिशन अडकली की माणूस पूर्वज शोधायला लागतो. एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे कागद लागतात. त्यापायी कितीतरी घरांत आजोबांची ट्रंक पहिल्यांदा उघडली जाते.

माझं कारण वेगळं होतं. आमचे खापरपणजोबा 'जर्मनच्या लढाईत गेले' असं घरात सगळे सांगतात. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, त्यामुळे यात नवल काहीच नाही. अपशिंगे मिलिटरी आमच्याच जिल्ह्यातलं. पण कुठल्या पलटणीत होते, कुठे पडले, हे विचारलं की सगळे गप्प.

पहिल्या महायुद्धातल्या मृत सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. हिंदी सैनिकांच्या नोंदीत बरेचदा बापाचं नाव, गाव, जिल्हाही असतो. गोऱ्या साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं असेल ते स्पेलिंग, म्हणून आमचं नाव मी सात तऱ्हांनी टाकून पाहिलं. सापडलं नाही. आता यादीत नाव नाही म्हणजे माणूस लढाईला गेलाच नाही, असं सिद्ध होत नाही. म्हणून दुसऱ्या टोकाने, जमिनीच्या कागदांतून सुरुवात केली.

सातबारा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, बारा म्हणजे त्यात पीक काय; दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. जुन्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. हे नाव इथे कसं आलं, म्हणजे खरेदीने, वाटणीने की वारसाने, ते त्या नंबरच्या फेरफारात (गाव नमुना सहा) लिहिलेलं असतं. फेरफारात आधीचा खातेदार सापडतो, त्याच्या नावाचा आणखी जुना फेरफार असतो... डेटा स्ट्रक्चर्सवाल्यांच्या लक्षात आलंच असेल, ही चक्क लिंक्ड लिस्ट आहे! फक्त इथे पॉइंटर कुठेतरी वाळवीने खाल्लेला असू शकतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे साखळी साधारण तिथपर्यंतच मागे जाते. बऱ्याच तालुक्यांचे जुने कागद स्कॅन होऊन सरकारच्या 'आपले अभिलेख' या सेवेवर आलेत. आमचा नेमका फेरफार त्यात नव्हता, तो तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल काढून मिळाला. अर्ज, कोर्ट फी स्टँप आणि तीन फेऱ्या.

त्या कागदांची एक स्वतंत्र भाषा असते. 'वल्द' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर (एमबीए न करता मॅनेजर!). आणि 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असला की त्याच्या नावापुढे हे लिहून पालकाचं नाव घालतात.

आमचा फेरफार १९१९ चा निघाला. खातेदार मयत, वारस मुलगा, म्हणजे माझे पणजोबा, वय वर्षं पाच. पुढे 'अ. पा. क. आई' आणि तीन अक्षरी एक नाव. हे नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आजोबा स्वतःच्या आजीला 'म्हातारी आई' एवढंच म्हणतात. पाच वर्षांचं पोर घेऊन जिने जमीन सांभाळली, तिचं नाव ते पोर अज्ञान होतं म्हणून कागदावर आलं. मुलगा मोठा असता तर कदाचित तेवढंही आलं नसतं.

मृत्यूचं कारण फेरफारात नसतं. त्यासाठी गाव नमुना चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. ह्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. आमच्या गावचं बुक मोडीत. मोडीत आधी आख्खी शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं पळवायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द कुठे तुटतो तेही कळत नाही. साताऱ्यातल्या एका मोडी जाणकारांनी वाचून दिलं : ऑक्टोबर १९१८, कारण ताप. त्या पानावर 'ताप' हा शब्द इतक्यांदा होता, की वरखाली बघून बघून मला तेवढा मोडी शब्द पाठ झाला.

हा इन्फ्लुएंझा. १९१८ ची ही साथ जुनी माणसं मानमोडी म्हणून ओळखत. हिंदुस्थानात तिने सव्वा ते दोन कोटी माणसं नेली असा अंदाज आहे आणि मुंबई इलाख्यात तिचा कळस सप्टेंबर-ऑक्टोबरात झाला. महायुद्ध थांबलं ११ नोव्हेंबरला. म्हणजे खापरपणजोबा गेले ते लढाईच्या वर्षात. 'लढाईच्या साली गेले'चं 'लढाईत गेले' व्हायला एकच पिढी पुरली असावी, असं माझं मत. काकांना अजून पटलेलं नाही. असो.

मराठवाड्यातल्या मित्रांनी मात्र थोडं वेगळं धरून चालावं. १९४८ पर्यंत तिथे निजामाचा अंमल, त्यामुळे जुने कागद बहुतेक उर्दूत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला होता. शाळेचं जनरल रजिस्टरही बघा, पण तिथल्या जन्मतारखेवर विसंबू नका. गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या महाराष्ट्राला १ जून ही तारीख देऊन टाकली आहे. आपल्याच स्टाफमध्ये मोजून बघा!

आता अडलंय ते खापरपणजीच्या माहेराशी. 'कोम' लिहिलं की नवरा कळतो, बाप कळत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी बापाच्या वारसांत मुलीचं नाव सहसा लागत नसे, त्यामुळे माहेरचा फेरफार सापडला तरी ती त्यात असेलच असं नाही. एक जागा उरते, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की त्या घरातून पूर्वी कोण येऊन गेलं ते निघतं, बरोबरच्या बायकांची नावंही कधीकधी असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येणार आहे. ते तीन अक्षरी नाव चिठ्ठीवर लिहून घेतलंय.