अध्यक्षांची जुनी फ्रॅटर्निटी

न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजातून १९७७ साली पदवी घेतलेले फिलिप हॅनलन २०१३मध्ये तिथेच अध्यक्ष म्हणून परतले. विद्यार्थी असताना ते अल्फा डेल्टा या फ्रॅटर्निटीत होते. जानेवारी २०१५मध्ये त्यांनी आवारात कडक मद्यावर बंदी जाहीर केली. त्यानंतर तीनच महिन्यांत कॉलेजने अल्फा डेल्टाची मान्यता काढून घेतली. तिथे नव्या सदस्यांच्या अंगावर डाग दिले गेले होते.

ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरोरिटी अमेरिकी आवारात वसतिगृह, क्लब आणि जन्मभराच्या ओळखी एकदमच पुरवतात. अध्यक्षांची अडचण इथेच सुरू होते. शेकडो मुलांची राहण्याची सोय या घरांत झालेली असते, आणि तिथे वाढलेले माजी विद्यार्थी पुढे कॉलेजला देणग्या देतात. सरकारी विद्यापीठाला तर संघटना स्वातंत्र्याचा घटनात्मक हक्कही आडवा येतो. हार्वर्डच्या तत्कालीन अध्यक्ष ड्रू फाउस्ट यांनी २०१६मध्ये केवळ मुलांच्या किंवा केवळ मुलींच्या क्लबांत जाणाऱ्यांवर निर्बंध जाहीर केले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२०मध्ये विद्यापीठाने ते निर्बंध मागे घेतले.

सोरोरिटींचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या बहुतेक सोरोरिटींच्या घरांत दारूला मनाई असते, त्यामुळे पार्ट्या फ्रॅटर्निटींच्या घरी होतात. दार, दारू आणि पाहुण्यांची यादी, सगळं मुलांच्या हाती. मुलींच्या सुरक्षिततेची चर्चा या व्यवस्थेला हात न लावता करणं निरर्थक आहे.

विल्यम्स कॉलेजने मात्र मुळालाच हात घातला. १९६२मध्ये तिथल्या समितीने अहवाल दिला, की राहण्याजेवण्याची जबाबदारी कॉलेजनेच घ्यावी. अध्यक्ष जॉन सॉयर यांनी माजी विद्यार्थ्यांचा रोष पत्करून तो अमलात आणला. फ्रॅटर्निटींच्या अनेक वास्तू कॉलेजकडे आल्या आणि त्यांत सर्वच विद्यार्थी राहू लागले. पर्यायी घर आधी आणि फ्रॅटर्निटींवर बंदी मग, हा क्रम फार मोलाचा होता.

पेन स्टेट विद्यापीठात मात्र २०१७ साली बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात, नव्या मुलांना दारू पाजण्याच्या रात्री, एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी जिन्यावरून कोसळला. सोबत्यांनी मदत बोलवायला जवळजवळ बारा तास लावले आणि मुलगा दगावला. विद्यापीठाने ती शाखा कायमची बंद केली, फ्रॅटर्निटींवरची शिस्तीची कारवाईही स्वतःच्या हाती घेतली. हे सगळं त्या मृत्यूनंतर.

डिसेंबर २०२४मध्ये झालेल्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने रॅगिंगच्या घटनांची नोंद ठेवणं आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करणं कॉलेजांना बंधनकारक केलं आहे. ही माहिती संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवावी लागते. पुण्या-नागपुराहून मुलांना तिकडे पाठवणाऱ्या पालकांनी प्रवेश घेण्याआधी ती जरूर वाचावी.