साचा करण्याआधी नमुना करा

बीड शहर एके काळी छागल आणि गुप्तीसाठी ओळखले जात असे. चामड्याच्या छागलीत पाणी थंड राही, म्हणून प्रवासी आणि शेतकरी ती घेत. पुढे प्लास्टिकचे कॅन आणि थर्मास आले व छागल बाजारातून उठली. कारागिराचे कसब संपले नव्हते, त्या मालाची मागणी संपली होती. आजही आपल्या जिल्ह्यात वेल्डिंग, लोहारकाम, सुतारकाम करणारे बांधव पुष्कळ आहेत. नवा माल काढावा असे अनेकांना वाटते, पण पैसा अडकेल या भीतीने पाऊल पुढे पडत नाही. ही भीती कमी करणारी एक पद्धत कारखानदारीत रूढ आहे. तिला रॅपिड प्रोटोटायपिंग, म्हणजे झटपट नमुना तयार करणे, असे म्हणतात. ती लहान कारागिरालाही वापरता येते.

एक उदाहरण घेऊ. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या कोयत्याला हातात न घसरणारी प्लास्टिकची मूठ बसवावी, असे एखाद्या कारागिराच्या मनात आले. तो थेट पोलादी साचा करायला देतो. अशा साच्याचा खर्च सहज लाखाच्या घरात जातो आणि त्यासाठी पुष्कळदा व्याजी कर्ज काढले जाते. माल निघाल्यावर कळते की मूठ जाड झाली. पोलादात कोरलेला साचा बदलणे महाग पडते, तोवर हंगामही निघून जातो.

हेच काम उलट क्रमाने करावे. प्रथम लाकूड तासून किंवा पुठ्ठा आणि लांबी वापरून खऱ्या मापाची मूठ करावी. याला जवळजवळ खर्च नाही. ती दोन-तीन कामगारांच्या हातात द्यावी. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, तेव्हा बाईच्या हातालाही ती बसते का हे पाहावे. मग सुधारलेल्या मापाचे चित्र संगणकावर काढून थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढावा. चूक दिसली की चित्रात दुरुस्ती करून दुसरा काढावा. चार नमुने वाया गेले तरी नुकसान थोडे, आणि साचा एकदाच होतो.

थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकची तार सुमारे २०० अंशांवर वितळवून एकावर एक पातळ थर देतो. एक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो. या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९८९ साली स्कॉट क्रंप यांनी मागितले. २००९ साली पेटंटची मुदत संपली, अनेकांनी यंत्रे बनवायला घेतली आणि किमती झपाट्याने उतरल्या.

मात्र नमुन्याच्या मर्यादा ओळखाव्यात. थर जिथे जुळतात तिथे तो चिरतो, म्हणून वजन उचलणाऱ्या हुकाची किंवा घाव सोसणाऱ्या भागाची ताकद त्यावरून ठरवू नये. पीएलए नावाचे नेहमीचे प्लास्टिक सुमारे ६० अंशांवर मऊ पडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला नमुना वाकडा होऊ शकतो. नमुना आकार, माप आणि पकड सांगतो. मजबुतीची परीक्षा खऱ्या मालावरच घ्यावी लागते.

ओतकाम करणाऱ्यांनाही याचा उपयोग आहे. लाकडी पॅटर्नऐवजी प्रिंट केलेला पॅटर्न वाळूत दाबता येतो. धातू थंड होताना आकसतो, तेवढे माप वाढवून घ्यावे. बीडाच्या लोखंडाला सुमारे १ टक्का आणि अॅल्युमिनियमला सुमारे १.३ टक्के धरतात. म्हणजे २०० मिलिमीटरचा लोखंडी भाग हवा असेल तर पॅटर्न २०२ मिलिमीटरचा करावा.

हे खेड्यात जमेल का, अशी शंका येईल. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मदतीने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. दूध तपासण्याचे उपकरण, डिझेल इंजिनाचे टायमिंग जुळवण्याचे साधन अशा शेतकऱ्यांच्या गरजांवर तिथे काम झाले. आपल्याला जवळ म्हणजे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूम. तिथे साचे व डाय यांचे काम होते आणि संगणकावर आराखडा काढण्याचे शिक्षणही मिळते. घरातील एका मुलाने ते शिकावे, असे आम्ही सुचवतो.

आमच्या दृष्टीने या पद्धतीचा आणखी एक मोठा फायदा आहे. ऑर्डरप्रमाणे माल बनवून देण्याच्या कराराला फिकहमध्ये ‘इस्तिस्ना’ म्हणतात. माल अजून अस्तित्वात नसतो, म्हणून त्याचा प्रकार, माप, दर्जा आणि किंमत आधी स्पष्ट ठरलेली हवी. आपल्याकडे निम्मी भांडणे “मी असे सांगितले नव्हते” या एका वाक्यावर होतात. बयाणा घेण्यापूर्वी ग्राहकाला नमुना दाखवावा. दोन नग करून दोन्हींवर उभयतांच्या सह्या घ्याव्यात, एक त्याच्याकडे द्यावा व एक आपल्याकडे ठेवावा. मालाची धातू व जाडी कागदावर लिहावी. मग वादाला जागा उरत नाही.

कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखते बनवताना कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञा आली आहे. माप चोख ठेवणे हा आपल्या कारागिरीचा जुना वारसा आहे. तेव्हा पुढचा नवा माल काढताना आधी नमुना करा, वापरणाऱ्याच्या हातात द्या, आणि मगच साच्याला पैसा घाला. अल्लाह आपल्या कष्टात बरकत देवो.